पक्ष बदललेल्या माणसाची बखर : पेरो लोपेस दे आयालाच्या निवडक लेखनाची प्रस्तावना

उत्तर स्पेनमधल्या नाहेरा गावाजवळ ३ एप्रिल १३६७ रोजी मोठी लढाई झाली. कास्तीलच्या गादीसाठी दोन सावत्र भाऊ समोरासमोर उभे होते. एका बाजूला वर्षभरापूर्वी गादीवरून हुसकावला गेलेला राजा पेद्रो आणि त्याच्या मदतीला आलेला इंग्लंडचा युवराज, ज्याला पुढे ‘ब्लॅक प्रिन्स’ हे नाव पडले. दुसऱ्या बाजूला पेद्रोचा अनौरस सावत्र भाऊ एन्रीके दे त्रास्तामारा आणि त्याचे फ्रेंच साथीदार. एन्रीकेचा पुरता पराभव झाला. तो स्वतः निसटला, त्याचे सरदार मात्र सापडले.

लढाई संपताच पेद्रोने युवराजाकडे एक मागणी केली. कास्तीलचे जे सरदार तुमच्या लोकांच्या ताब्यात आहेत ते मला द्या. ज्याची जी खंडणी ठरेल ती मी भरतो. युवराजाने साफ नकार दिला. माझ्या लोकांना कुणी हजारपट पैसे देऊ केले तरी ते आपले कैदी तुम्हाला विकणार नाहीत, कारण तुम्ही ते कशासाठी मागता हे त्यांना पक्के ठाऊक आहे, असे त्याने सांगितले. त्याचे म्हणणे खरे होते. त्याच दिवशी एका गॅस्कन शिलेदाराच्या ताब्यातला कैदी पेद्रोने स्वतःच्या हाताने ठार केला होता, आणि तो शिलेदार आपली तक्रार घेऊन युवराजाकडे गेला होता.

ही बोलाचाली आपल्यापर्यंत पोचली ती ज्याच्या लेखणीतून, तो माणूस त्या दिवशी कैद्यांतच होता. पेरो लोपेस दे आयाला, वय ३५. एन्रीकेच्या सैन्यात ‘बांदा’ या शिलेदारी पंथाचे निशाण त्याच्या हाती होते. सौदा जमला असता तर बहुधा त्याचेही डोके उडाले असते. पण त्या प्रकरणात भीतीचा, सुटकेचा किंवा देवाच्या कृपेचा एक शब्द नाही. पकडलेल्यांच्या यादीत इतर नावांसोबत आपलेही नाव तृतीयपुरुषी लिहून तो पुढे सरकतो.

या संग्रहाची ओळख करून देताना मी मुद्दाम इथून सुरुवात केली, कारण आयालाचे सगळे बळ आणि त्याच्याविषयीचा सगळा संशय या एकाच प्रसंगात सापडतो. ज्या राजाची बखर तो लिहितो त्या राजाची त्याने वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत चाकरी केली होती. नंतर तो त्याला सोडून गेला, त्याच्याविरुद्ध हत्यार घेऊन उभा राहिला, आणि त्या राजाच्या खुन्याच्या घराण्याकडून जमिनी, पदे आणि मानमरातब घेतले. अशा माणसाच्या साक्षीवर किती विसंबायचे? स्पेनमध्ये हा प्रश्न गेली सहा शतके चालू आहे. माझे उत्तर मी लपवून ठेवत नाही. आयाला पक्षपाती आहे, पण खोटारडा नाही. त्याचा पक्षपात तो काय लिहितो यात कमी आणि कोणत्या गोष्टीशेजारी कोणती गोष्ट मांडतो यात जास्त आहे. राजाला सोडून जाणारी माणसे नेमकी कशी सोडून जातात, हे तर त्याच्याइतके त्या काळातल्या दुसऱ्या कुणाला कळले असेल असे मला वाटत नाही.

आयाला घराणे आलावा प्रांतातले, बास्क मुलखाच्या दक्षिण कडेचे. केहाना या लहानशा गावी त्यांची गढी होती. पेरोचा जन्म १३३२ चा. वडील फेर्नान पेरेस दे आयाला हे मुत्सद्दी, आपल्या घराण्याची वंशावळ लिहून ठेवणारे, आणि उतारवयात डोमिनिकन पंथाची दीक्षा घेणारे गृहस्थ. म्हणजे तलवार, कागद आणि जपमाळ हे तिन्ही पेरोला घरातच पाहायला मिळाले.

१३५० च्या मार्चमध्ये जिब्राल्टरला वेढा घालून बसलेला राजा आल्फोन्सो अकरावा प्लेगने मेला. औरस मुलगा पेद्रो तेव्हा पंधरा वर्षांचा होता. बापाने आपले आयुष्य राणीसोबत न घालवता लेओनोर दे गुस्मान या रखेलीसोबत घालवले होते आणि तिच्यापासून त्याला दहा मुले झाली होती. एन्रीके त्यांतलाच. बाप गेल्यावर वर्षभरात राजमातेच्या हुकुमाने लेओनोरचा खून झाला. पुढच्या एकोणीस वर्षांचा रक्तपात या घरगुती वैरातून निघाला. त्यात सरदारांची बंडे मिसळली, शेजारच्या आरागॉनशी युद्ध मिसळले आणि शेवटी इंग्लंड-फ्रान्सच्या शंभर वर्षांच्या युद्धातली मोकाट सैन्येही येऊन मिसळली.

तरुण आयाला या सगळ्यात पेद्रोच्या बाजूला होता. राजाच्या खास पोरांत तो वाढला. १३५९ साली आरागॉनविरुद्ध बार्सेलोनापर्यंत गेलेल्या आरमारात तो कप्तान होता. पुढे तोलेदोसारख्या मोठ्या शहरातले अधिकारपद त्याला मिळाले. राजाच्या कोठीत काय शिजते, कोणाचे पारडे केव्हा जड होते आणि कोणता निरोप कोणाच्या तोंडून गेला की त्याचा अर्थ मृत्यू होतो, हे त्याने आतून पाहिले. बखर लिहायला बसला तेव्हा ही शिदोरी त्याच्याजवळ होती.

२९ मे १३५८ ला सेव्हियाच्या राजवाड्यात राजाने आपला सावत्र भाऊ फाद्रीके याला ठार करवले. हे प्रकरण या संग्रहात पूर्ण दिले आहे आणि वाचकाने ते सावकाश वाचावे अशी माझी विनंती आहे. फाद्रीके हा सान्तियागो या बलाढ्य लष्करी पंथाचा प्रमुख. तो राजाला भेटायला येतो. राजा सोंगट्या खेळत बसलेला असतो. हसून स्वागत होते, कुठे उतरलास वगैरे चौकशी होते. मग फाद्रीके राजाची प्रिया मारिया दे पादिया हिला भेटायला जातो. तिला बेत ठाऊक आहे, आणि तिचा चेहरा इतका उतरलेला आहे की पाहणाऱ्या कुणालाही सगळे कळावे. फाद्रीकेला कळत नाही. तो अंगणात येतो तर त्याची खेचरे तिथे नाहीत. दरवाजे बंद झाले आहेत. राजा खिडकीवजा फटीतून गदाधारी शिपायांना हुकूम देतो, पण राजाच्या भावावर हात टाकायचा म्हणून ते क्षणभर थबकतात. मग झटापट होते. फाद्रीके तलवारीला हात घालतो, पण मूठ अंगरख्याच्या पट्ट्यात अडकते आणि तलवार काही केल्या निघत नाही. तो अंगणभर या टोकाहून त्या टोकाला पळत राहतो, शेवटी गदेच्या घावाने खाली पडतो. अजून धुगधुगी आहे हे पाहून राजा आपला खंजीर काढून एका नोकराच्या हाती देतो. आणि मग ज्या दालनात प्रेत पडले आहे तिथेच जेवायला बसतो.

या सबंध वर्णनात ‘क्रूर’ हा शब्द नाही. आयाला रागावत नाही, हळहळत नाही, शाप देत नाही. अडकलेली मूठ, गायब झालेली खेचरे, उतरलेला चेहरा आणि मांडलेले ताट एवढेच आपल्यापुढे ठेवतो. हे सगळे मराठीत आणताना अनुवादकाला मोह झाला असेल की इथे एखादे विशेषण घालावे. तो आवरला हे बरे केले.

इथेच शंका घ्यायला हवी. आयालाच्या वेळेपर्यंत कास्तीलच्या बखरी दरबारी दप्तरासारख्या होत्या. मोहिमा, तह, नेमणुका, राजपुत्रांचे जन्म. त्याने त्यात माणसे आणली, त्यांच्या तोंडी भाषणे घातली, पत्रे घातली. लिव्ही या रोमन इतिहासकाराचे त्याने स्पॅनिशमध्ये भाषांतर केले होते, तेही लॅटिनवरून नव्हे तर फ्रेंच भाषांतराच्या आधाराने; भाषणांतून इतिहास हलवण्याची युक्ती त्याने तिथे पाहिली असणार. पण भाषणे आणि पत्रे आली की ती कुणी ऐकली, कुणी जपली, हा प्रश्नही येतो. पेद्रोच्या बखरीत ग्रॅनाडाच्या एका मुसलमान विद्वानाची राजाला लिहिलेली दोन लांब पत्रे आहेत. नीतीने राज्य कसे करावे हे पहिल्यात आहे. दुसऱ्यात दंतकथेतला जादूगार मर्लिन याच्या नावावरची एक भविष्यवाणी उलगडून राजाचा अंत सुचवला आहे. ग्रॅनाडाचा प्रसिद्ध वजीर आणि लेखक इब्न अल-खतीब याच्याशी या पत्रांचा संबंध जोडला जातो. तरीही ती आज जशी आपल्यासमोर आहेत तशी त्यानेच लिहिली यावर फार थोडे अभ्यासक विश्वास ठेवतात. मलाही तो आवाज आयालाचाच वाटतो. राजाला जे तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, ते परधर्मी शहाण्याच्या तोंडून सांगणे सोयीचे होते.

भविष्यवाण्यांचेही तसेच. सान्तो दोमिंगो दे ला काल्सादा या गावचा एक पुरोहित पेद्रोला सांगतो की सावध राहा, तुझा भाऊ एन्रीके तुला आपल्या हाताने मारेल. राजा त्याला जाळून मारतो. ही गोष्ट १३६० सालच्या प्रकरणात येते. पण बखर लिहिली गेली ती पेद्रो मेल्यावर बऱ्याच वर्षांनी, हे विसरता कामा नये. शेवट ठाऊक असणारा लेखक नियतीच्या पाऊलखुणा मागे जाऊन उमटवू शकतो, आणि त्रास्तामारा घराण्याला नेमके हेच हवे होते. भावाच्या खुनावर उभ्या राहिलेल्या गादीला दैवाची मान्यता मिळाली तर ती कुणाला नको असते?

याच बखरीतली काही पाने मात्र त्या घराण्याला अजिबात आवडण्याजोगी नाहीत. १३५५ साली एन्रीके आणि फाद्रीके यांची माणसे तोलेदोत घुसली आणि त्यांनी ज्यूंची एक वस्ती लुटली. आयाला मृतांचा आकडा देतो : सुमारे १,२०० माणसे, बायका-मुलांसह. ज्यांच्या पगारावर तो होता त्यांच्याच घराण्याचा हा पराक्रम होता, आणि त्याने तो झाकला नाही. नाहेराच्या लढाईनंतर फ्रेंच मार्शल दोद्रेएमवर ब्लॅक प्रिन्सने विश्वासघाताचा आरोप ठेवला. आधीच्या एका पराभवात इंग्रजांच्या कैदेत सापडलेल्या या मार्शलने खंडणी पुरती भरेपर्यंत त्यांच्याविरुद्ध हत्यार न धरण्याचा शब्द दिला होता. बारा शिलेदारांचे पंचमंडळ बसले. मार्शलचा बचाव मासलेवाईक होता. या लढाईचा धनी राजा पेद्रो आहे, तुम्ही इथे त्याचे भाडोत्री म्हणून आलात, तेव्हा मी तुमच्याविरुद्ध लढलोच नाही. पंचांनी त्याला निर्दोष सोडले आणि युवराजालाही ते आवडले. हे प्रकरण आयाला चवीने सांगतो. शब्द मोडणे म्हणजे नेमके काय, तो मोडल्याचा ठपका कुठल्या वाटेने चुकवता येतो, हा त्याचा जिव्हाळ्याचा विषय होता, आणि का होता ते सांगायला नको.

आता १३६६ च्या वसंताकडे वळतो. माझ्या मते संपूर्ण बखरीचा तो कणा आहे. मार्चमध्ये एन्रीके फ्रेंच फौजा घेऊन आत शिरला आणि कालाओर्रा येथे त्याने स्वतःला राजा म्हणून घोषित करवले. पेद्रो बुर्गोसमध्ये होता. एके सकाळी तो कुणाला काही न सांगता घोड्यावर चढून निघाला. नागरिक धावत आले. जाऊ नका, आम्ही पैसा देतो, माणसे देतो, अशी विनवणी त्यांनी केली. राजा ऐकेना. तेव्हा त्यांनी विचारले की तुम्ही गेल्यावर शत्रू आला आणि शहर राखता आले नाही, तर आमच्या निष्ठेच्या शपथेचे काय? तिच्यातून आम्हाला मोकळे करा. राजाने तसे केले, आणि लोकांनी ते तिथल्या तिथे लेखनिकांकडून कागदावर उतरवून घेतले. राज्य जाताना मोठी गर्जना झाली नाही, रणांगणही लागले नाही. शहराने पावती घेतली आणि राजाला वाट मोकळी करून दिली.

याच वेळी आयाला आणि त्याचे वडील राजाला सोडून गेले. त्या निर्णयाबद्दल बखरीत जे आहे ते एका वाक्याहून फारसे जास्त नाही. पेद्रोचा कारभार आता अशा वळणावर गेला आहे की जो कोणी त्याच्यापासून दूर होतो तो परत न येण्याचे ठरवूनच होतो, असा त्या वाक्याचा आशय. त्यात कबुली आहे, समर्थन आहे आणि गर्दीत मिसळून जाणेही आहे. नीतिमान वाचक इथे चिडतो. मला मात्र हे वाक्य त्याच्या साऱ्या नीतिकवितांपेक्षा प्रामाणिक वाटते. धर्म, न्याय, जुलमी राजाला त्यागण्याचा अधिकार असे काहीही त्याने पुढे केले नाही. सगळे निघाले होते, तसा मीही निघालो, एवढेच तो सांगतो.

शेवट झाला मोंतिएलच्या किल्ल्याजवळ, २३ मार्च १३६९ ला. वेढ्यात अडकलेल्या पेद्रोने फ्रेंच सेनानी बेर्त्राँ द्यु गेक्लें याला गावे आणि दोन लाख दोब्ला (सोन्याची नाणी) देऊ करून निसटण्याची वाट मागितली. द्यु गेक्लेंने ही बातमी एन्रीकेला दिली. रात्री पेद्रो त्याच्या तंबूत आला आणि तिथेच अडकला. एन्रीके आला तेव्हा त्याला भाऊ ओळखूच येईना, कारण कित्येक वर्षांत त्याने त्याला पाहिले नव्हते. कुणीतरी दाखवले, पेद्रोने स्वतःच आपण तोच असल्याचे दोनदा सांगितले, आणि खंजीर चालला. द्यु गेक्लेंने त्या झटापटीत एन्रीकेला वर आणले आणि मी माझ्या धन्याला मदत करतो अशा अर्थाचे काही म्हटले, ही गोष्ट स्पेनमध्ये शाळकरी पोरालाही ठाऊक असते. आयालाच्या बखरीत ती नाही. ती मागाहून चिकटलेली आहे. त्याऐवजी तो पेद्रोचे एक छोटे शब्दचित्र देतो. धिप्पाड, गोरा, किंचित बोबडा, शिकारी पक्ष्यांचा शौकीन, कष्टाळू, खाण्यापिण्यात मोजका, कमी झोपणारा, बायकांचा आणि जडजवाहिराचा लोभी, आणि राज्यात पुष्कळांना मारणारा. गुण आणि खून एकाच दमात.

यापुढच्या राजांच्या, म्हणजे एन्रीके दुसरा, हुआन पहिला आणि एन्रीके तिसरा यांच्या बखरी पेद्रोच्या बखरीइतक्या धारदार नाहीत. शेवटची तर अपुरीच राहिली. लेखक स्वतः आता कारभाऱ्यांपैकी एक झाला होता, आणि कारभाऱ्याच्या लेखनाला सावधगिरीचा वास येतो. नव्या राजाने आपल्या समर्थकांवर इनामांची इतकी खैरात केली की ‘देणग्यांचा एन्रीके’ असे त्याला नाव पडले. आयालाच्या घराण्याचा उत्कर्ष त्याच खैरातीतला. तो फ्रान्सच्या दरबारी वकील म्हणून गेला. १३८२ साली रोजबेकेच्या लढाईत फ्रेंच राजाच्या बाजूला होता आणि त्याबद्दल त्याला तनखा मिळाला.

मग १४ ऑगस्ट १३८५ रोजी पोर्तुगालमधील अल्जुबारोटाची लढाई. पोर्तुगालची गादी मिळवायला निघालेल्या हुआन पहिल्याच्या सैन्याची दाणादाण उडाली आणि ५३ वर्षांचा आयाला पुन्हा शत्रूच्या हाती लागला. खंडणी ठरली तीस हजार दोब्ला. पत्नी लेओनोर दे गुस्मान (वर आलेल्या रखेलीचेच नाव, पण बाई वेगळी) आणि कास्तील व फ्रान्सचे राजे यांच्याकडून ती जमेपर्यंत तो कैदेत राहिला. लोखंडी पिंजऱ्यात ठेवले होते असेही सांगतात.

या कैदेत ओबिदुशच्या किल्ल्यात, १३८६ च्या जूनमध्ये, त्याने शिकारी पक्ष्यांवरचा ग्रंथ पुरा केला. ससाण्यांच्या जाती, त्यांना हातावर बसायला कसे शिकवावे, काय आणि किती खाऊ घालावे, मोडलेल्या पिसाला दुसरे पीस कसे जोडावे, जंत झाले तर कोणते औषध द्यावे. पोर्तुगीज राजाचा पक्षीपाल पेरो मेनिनो याच्या लेखनाचा त्याने भरपूर उपयोग केला, आणि ग्रंथ बुर्गोसचा बिशप गोन्सालो दे मेना याला अर्पण केला. पिंजऱ्यातला माणूस पक्ष्यांवर लिहितो यात कवित्व शोधणारे पुष्कळ आहेत. ग्रंथ वाचला की ते कवित्व विरून जाते. तो कामाचा, नेमका आणि बराचसा किळसवाणा मजकूर आहे, विष्ठेचा रंग पाहून रोग ओळखण्याइतका. या संग्रहात त्यातली थोडीच पाने घेतली आहेत, आणि माझ्या मते तीही खूप झाली.

‘रिमादो दे पालासियो’ ही त्याची दीर्घ कविता मात्र सोडून चालणार नाही. चौदा अक्षरांच्या चार ओळी, चारींचे यमक एकच, ही जुनी धार्मिक घडण. आयालाच्या हयातीतच ती शिळी झाली होती. कविता आठ हजारांहून अधिक ओळींची आहे, ती वर्षानुवर्षे लिहिली जात राहिली, आणि तिचा उत्तरार्ध बायबलातल्या ईयोबाच्या कथेवर आधारलेला लांबलचक उपदेश आहे. जीव आहे तो पूर्वार्धात. दूरच्या मोहिमेवरून परतलेला शिलेदार थकलेला पगार मागायला दरबारात येतो. दारवान ओळख दाखवत नाही. ओळखीची माणसे बदललेली. हिशेबनीस उद्या या म्हणतो, परवा आपला हिस्सा मागतो. सरायीचा खर्च वाढत जातो. वकील कज्जा जिंकून देतो म्हणतो, ग्रंथांची नावे फेकतो, आणि अशिलाजवळचे सगळे संपले की बाजू कमजोर असल्याचे त्याला आठवते. व्यापारी दुकानात मुद्दाम अंधार ठेवतो आणि एका गावचे कापड दुसऱ्या नामांकित गावचे म्हणून खपवतो. राजाचेही हाल आहेत. त्या बिचाऱ्याला सुखाने घास घेता येत नाही, कुणी ना कुणी अर्ज घेऊन ताटाशी उभाच. सरकारी कचेरीत पेन्शनच्या कागदासाठी बसलेल्या मराठी वाचकाला इथे तळटीप लागणार नाही.

पण याच कवितेत महसुलाचा मक्ता घेणाऱ्या ज्यू सावकारांबद्दल त्याने जे लिहिले आहे ते विषारी आहे. गरिबांचे रक्त पिणारे लोक अशीच त्यांची प्रतिमा तो रंगवतो, आणि त्या मक्त्यांचा पैसा खाणारे ख्रिस्ती दरबारी त्यांचे भागीदार म्हणून येतात. हा भाग अनुवादकाने गाळलेला नाही आणि गाळायला नकोच होता. कारण १३९१ चे प्रकरण त्याच्याशेजारी ठेवून वाचायचे आहे. त्या वर्षी जूनमध्ये सेव्हियात एका चर्चाधिकाऱ्याच्या प्रवचनांनी पेटलेला जमाव ज्यू वस्तीवर तुटून पडला आणि आग शहरामागून शहरात पसरली. हजारो मेले, हजारोंनी जीव वाचवायला बाप्तिस्मा घेतला. आयाला तेव्हा बालराजा एन्रीके तिसरा याच्या कारभारी मंडळात होता. या सगळ्यामागे धर्मभक्तीपेक्षा लुटीची हाव जास्त होती, असे त्याने बखरीत स्वच्छ नोंदवले. एकाच माणसाच्या हातून दोन्ही उतरले, आणि त्यांचा मेळ घालण्याच्या खटपटीत मी पडत नाही.

लँकेस्टरच्या ड्यूकशी कास्तीलने केलेल्या १३८८ च्या तहाने एक विलक्षण गोष्ट घडवली. पेद्रोची नात, त्या ड्यूकची मुलगी कातालीना, हिचे लग्न एन्रीकेच्या नातवाशी ठरले. वाटाघाटींत आयाला होता. मारलेल्याचे आणि मारणाऱ्याचे रक्त एकाच गादीवर आले. म्हणजे पेद्रोची बखर लिहिणाऱ्याला आता अशा दरबारात वावरायचे होते, जिथे राणी त्याच पेद्रोची नात होती. त्याच्या बखरीचे दोन पाठ मिळतात, एक आखूड आणि एक विस्तृत. लेखकाने मजकुरावर पुन्हा हात फिरवला हे त्यातून दिसते. पेद्रोची बाजू मांडणारी दुसरी ‘खरी’ बखर हुआन दे कास्त्रो नावाच्या बिशपने लिहिली होती, अशीही जुनी वदंता आहे. ती बखर हाती आलेली नाही. पेद्रोला ‘क्रूर’ म्हणणारे आणि ‘न्यायी’ म्हणणारे असे दोन पक्ष मात्र टिकून राहिले, आणि दुसऱ्या पक्षाच्या वाट्याला नाटके आणि दंतकथा आल्या.

म्हातारपणी आयाला कास्तीलचा मुख्य चान्सलर झाला. बोएथियस, संत ग्रेगरी, बोकाच्चो यांची भाषांतरे त्याच्या नावावर आहेत. बोकाच्चोचे त्याच्याकडून अपुरे राहिले ते पुढे आलोन्सो दे कार्ताहेनाने पुरे केले. १४०७ साली कालाओर्रा येथे त्याचा मृत्यू झाला. भाचा फेर्नान पेरेस दे गुस्मान याने लिहिलेले त्याचे शब्दचित्र सुदैवाने उरले आहे. उंच, सडपातळ, सभ्य, मोठ्या समजुतीचा, दिवसाचा बराच वेळ वाचनात घालवणारा. आणि बायकांच्या बाबतीत त्याच्यासारख्या शहाण्या शिलेदाराला शोभणार नाही इतका नादी. मामाने पेद्रोचे चित्र ज्या रीतीने काढले होते, भाच्याने मामाचे तसेच काढले. केहानाच्या मठात त्याची आणि पत्नीची अलाबास्टर दगडाची थडगी आहेत; त्याच मठासाठी १३९६ मध्ये रंगवलेला मोठा वेदीपट आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे.

बखर १४९५ मध्ये सेव्हियात छापली गेली. सोळाव्या शतकात आरागॉनचा इतिहासकार हेरोनिमो सुरिता याने हस्तलिखिते पडताळून दुरुस्त्या केल्या. त्या कामावर आधारलेली आवृत्ती यागुनो यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात काढली. ‘कार्मेन’कार प्रॉस्पेर मेरिमेने १८४८ मध्ये पेद्रोचे चरित्र लिहिले, त्याचाही मुख्य आधार आयालाच. पोर्तुगालचा थोर बखरकार फेर्नाँव लोपेश याने तर अल्जुबारोटाच्या विजेत्यांच्या बाजूने लिहितानाही या पराभूत कैद्याचा मजकूर जवळ ठेवला होता.

आता थोडी व्यवहाराची सूचना. या पानांत पेद्रो नावाचे तीन राजे एकाच काळात वावरतात, कास्तीलचा, आरागॉनचा आणि पोर्तुगालचा; नुसते ‘राजा पेद्रो’ आले तर कास्तीलचा समजावा. जुन्या कालगणनेत कास्तीलचे साल इसवी सनापेक्षा ३८ ने पुढे असे, अनुवादात सगळी साले इसवी सनात आणली आहेत. पहिली काही प्रकरणे नावांनी गच्च भरलेली आहेत. तिथे कंटाळा आला तर सरळ १३५८ च्या सेव्हियावर जा, तिथून १३६६ च्या बुर्गोसवर, आणि मग मागे फिरा. लढायांचे तपशील वगळले तरी चालतील. पण कोण कोणाला कधी सोडून गेले, आणि त्याबदल्यात कोणाला काय मिळाले, ही नावे मात्र समासात टिपत जा. त्या यादीत एक नाव लेखकाचे आहे.